आपणच आपले : ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ची वाटचाल

फुल्ली-गोळ्यात कधीच न हरणारा एक कागद आहे. साध्या पानावर दहा-बारा ओळींच्या सूचना. पहिली फुल्ली कोपऱ्यात मार. समोरच्याने तिरप्या रेषेतला पलीकडचा कोपरा घेतला नसेल, तर दुसऱ्या खेपेला तो तू घे. घेतला असेल तर मोकळा असेल तो कोपरा घे. तिसऱ्या खेपेला आधी आपल्या दोन फुल्ल्या एका ओळीत आल्यात का ते बघ आणि रिकामं घर भरून टाक. तसं नसेल तर समोरच्याचे दोन गोळे ओळीत आलेत का बघ आणि त्याची वाट अडव. असं शेवटच्या घरापर्यंत.

हा कागद मी नववीच्या वर्गात प्रथम वापरला तेव्हा फळ्याशी दोघी उभ्या होत्या. एक वर्गातली सगळ्यात चलाख खेळाडू. दुसरीने स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं. सात डाव झाले. कागद एकदाही हरला नाही. आठव्या डावाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, मग हुशार कोण? ती, का कागद?” पुढचे दोन तास वर्ग त्या प्रश्नावर भांडत होता. सूचना कुणी लिहिल्या, एक ओळ वरखाली झाली तर काय होईल, गोळेवाल्याने पहिल्यांदा खेळायचं ठरवलं तर हाच कागद चालेल का. संगणक खोलीत होते, खोलीला कुलूप होतं, आणि तरीही त्या दिवशी माझ्या मुलांनी संगणकशास्त्राचा पहिला खरा धडा घेतला.

हा खेळ शाळाशाळांत नेला तो लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या पॉल कर्झन आणि पीटर मॅकओवन यांनी. माझ्यापर्यंत तो आला इंग्लंडमधल्या शिक्षकांच्या एका संघटनेमुळे. तिचं नाव ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’, तिथल्या शिक्षकांच्या तोंडी नुसतं ‘कॅस’. माध्यमिक शाळेत संगणकशास्त्र हा विषय गणित-विज्ञानाच्या पंक्तीला बसवणाऱ्या या संघटनेची वाटचाल आपल्याकडच्या शिक्षकांना ठाऊक असावी, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

गोष्ट कॅसच्या जन्माआधीच सुरू होते. १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीसाठी एक संगणक बनवला. त्याचा पहिला नमुना स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन यांच्या चमूने आठवड्याभरात उभा केला होता. बीबीसीने जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर संगणक शिकवणारी मालिका दाखवली, सरकारने शाळांना यंत्राची निम्मी किंमत दिली, आणि ‘बीबीसी मायक्रो’ ब्रिटनच्या बहुतेक शाळांत जाऊन बसला. तो चालू केला की पडद्यावर चित्रं वगैरे येत नसत. एक लुकलुकणारी खूण यायची. ती खूण तुमच्या हुकमाची वाट बघायची. म्हणजे यंत्राशी बोलायचं तर त्याची भाषा शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ब्रिटनमधली प्रोग्रामरांची एक सबंध पिढी त्या लुकलुकत्या खुणेसमोर घडली. आपल्याकडेही १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला तेव्हा सुरुवातीच्या २५० शाळांत हीच यंत्रं आली होती.

पुढे मात्र इंग्लंडमध्येच गाडी रुळावरून घसरली. यंत्रं स्वस्त आणि सोपी झाली, तयार सॉफ्टवेअर हाताशी आलं, आणि नव्वदीच्या उत्तरार्धात शाळेतल्या विषयाचं नाव ठरलं ‘माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान’, म्हणजे आयसीटी. मूळ हेतू वाईट नव्हता. पण वर्गात त्याचं झालं काय? पत्र टंकायचं, तक्ता भरायचा, सादरीकरणाच्या चकत्यांना रंग द्यायचे. अकरा वर्षांच्या मुलाने जे केलं तेच चौदाव्या वर्षी पुन्हा. यंत्राच्या पोटात काय चालतं हा प्रश्न अभ्यासक्रमातून जवळजवळ हद्दपार झाला. स्वयंपाक शिकवायचा म्हणून मुलांना हॉटेलातलं मेन्यूकार्ड वाचायला शिकवावं, तसला हा प्रकार. परिणाम व्हायचा तोच झाला. २००३ पासूनच्या काही वर्षांत ‘ए लेव्हल’ला, म्हणजे आपल्या बारावीच्या पातळीवर, कम्प्युटिंग घेऊन उत्तीर्ण होणारी मुलं साठ टक्क्यांनी घटली.

ही घसरण उघड्या डोळ्यांनी बघणारी काही माणसं २००८ मध्ये केंब्रिजला एकत्र आली. त्यात सायमन पेटन जोन्स होते. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेच्या शिल्पकारांपैकी एक आणि तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन केंद्रात काम करणारे. शाळेत शिकवणारे सायमन हम्फ्रीज होते, आणखी काही शिक्षक आणि विद्यापीठातले प्राध्यापक होते. पैसा नव्हता, कचेरी नव्हती, सरकारदरबारी वजन तर नव्हतंच. पुढे ब्रिटिश कम्प्युटर सोसायटीने पाठीवर हात ठेवला, कंपन्यांनीही मदत केली. पण सुरुवात झाली ती एका टेबलाभोवती जमलेल्या माणसांपासून.

या माणसांचं मला सगळ्यात भावतं ते एक वागणं. त्यांनी तक्रारअर्ज लिहीत वेळ काढला नाही. अभ्यासक्रम कुणी बदलायचा? शिक्षण खातं. शिक्षक कुणी घडवायचे? प्रशिक्षण संस्था. धडे कुणी लिहायचे? प्रकाशक. असं दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय सगळ्यांनाच असते. कॅसमध्ये पेटन जोन्स सतत सांगत असत की इथे ‘ते’ असं कुणी नाहीच, जे काय आहोत ते आपणच. सदस्यत्व फुकट. शिक्षक असा, प्राध्यापक असा, कंपनीत नोकरी करा, पालक असा, या आणि हातभार लावा.

हातभार लावायचा म्हणजे काय, ते त्यांच्या ‘हब’मध्ये कळतं. हब म्हणजे एखाद्या गावातल्या किंवा भागातल्या शिक्षकांचा कट्टा. शाळा सुटल्यावर कुणाच्या तरी वर्गात किंवा जवळच्या विद्यापीठात जमायचं. चहा-बिस्किटं. मग कुणी तरी उठून आपला एक तास इतरांपुढे करून दाखवायचा: मी पुनरावर्तन असं शिकवलं, इथे मुलं अडली, हा माझा कागद, घेऊन जा. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. तयार केलेला धडा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, दुसऱ्याने तो सुधारून परत टाकायचा. आपल्याकडच्या प्रशिक्षणांना मी वर्षानुवर्षं हजेरी लावली आहे. वरून आलेली घडीपुस्तिका, ती वाचून दाखवणारा तज्ज्ञ मार्गदर्शक, सही, जेवण, परत. त्यात शेजारच्या शाळेतली बाई अपूर्णांक कसे शिकवते हे मला कधी कळलं नाही. हबच्या त्या तासाभरात नेमकं तेच कळतं. हे कट्टे पुढे शंभराच्या वर गेले आणि कॅसची सदस्यसंख्या २० हजारांच्या पुढे.

दरम्यान वारं बदलत होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये इयन लिव्हिंगस्टन आणि ॲलेक्स होप यांचा अहवाल आला. दोघेही खेळ आणि चित्रपटांतल्या दृश्य-करामतींच्या धंद्यातले. त्यांना माणसं मिळेनात, म्हणून ते शाळेच्या दारापर्यंत पोचले होते. संगणकशास्त्र राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणा, ही त्यांची पहिली शिफारस. ऑगस्टमध्ये गूगलचे एरिक श्मिट एडिनबरोला व्याख्यानात म्हणाले की ज्या देशाने संगणकाचा पाया घातला तोच आपला वारसा उधळून टाकतोय. त्यांनी दाखला दिला तो लायन्स या चहाच्या कंपनीचा. १९५१ साली कचेरीच्या कामासाठी जगातला पहिला संगणक चालवला तो या चहावाल्यांनी. हे शब्द ब्रिटिशांना झोंबले.

मग जानेवारी २०१२. त्या एका महिन्यात जे घडलं त्यासाठी कॅसवाले चार वर्षं जमीन भुसभुशीत करत होते. ११ तारखेला शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी लंडनच्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनात जाहीर केलं की आयसीटीचा जुना अभ्यासक्रम सप्टेंबरपासून शाळांवर बंधनकारक राहणार नाही. कंटाळलेले शिक्षक कंटाळलेल्या मुलांना टंकन आणि तक्ते शिकवतायत, अशा आशयाचं ते बोलले. त्याच आठवड्यात रॉयल सोसायटीचा अहवाल बाहेर पडला, ‘शट डाऊन ऑर रीस्टार्ट?’ समितीचे अध्यक्ष होते स्टीव्ह फर्बर. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी बीबीसी मायक्रो घडवला तेच. अहवालाने आयसीटी या गाठोड्याची गाठ सोडली आणि तीन गोष्टी वेगळ्या केल्या: संगणक वापरता येणं ही साक्षरता, तो कामाला जुंपणं हे माहिती तंत्रज्ञान, आणि त्यामागचं तत्त्व म्हणजे संगणकशास्त्र. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं काम. लिहिता येणं, पत्रव्यवहार करणं आणि व्याकरण यांत जो फरक आहे तोच हा. याच अहवालात एक आकडा होता, ज्याने पुढची सगळी वर्षं छळली: आयसीटी शिकवणाऱ्यांपैकी या विषयात खरोखर शिकलेले फक्त ३५ टक्के.

मार्चमध्ये कॅसने शाळांसाठी संगणकशास्त्राचा स्वतःचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. सरकारला नवा मसुदा हवा होता आणि इथे शिक्षकांनी लिहिलेलं काही तरी हाताशी तयार होतं. ऐनवेळी कागद पुढे करता आला, तो आधीपासून तयार होता म्हणून. मसुद्याच्या कामाची जबाबदारी ब्रिटिश कम्प्युटर सोसायटी आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांच्याकडे आली. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘कम्प्युटिंग’ या नावाने नवा विषय जाहीर झाला आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत सुरू झाला. स्कॉटलंड आणि वेल्सचं शिक्षण वेगळं चालतं, तेव्हा ही कथा इंग्लंडपुरतीच.

काय होतं त्यात? पाच वर्षांच्या मुलाने कृतीचा क्रम लावायचा आणि चुकलेली पायरी शोधायची. अकरा ते चौदा या माध्यमिकच्या वयात किमान दोन प्रोग्रामिंग भाषा, त्यांतली एक तरी टंकून लिहायची. शोधणं आणि क्रम लावणं यांच्या रीती आणि त्यांची तुलना. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं तर्कशास्त्र. शून्य-एकच्या पद्धतीतली संख्या आणि तिची बेरीज. सगळं मिळून दोन-अडीच पानं. इतका आटोपशीर अभ्यासक्रम मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि इथून खरी परीक्षा सुरू झाली. काल सादरीकरणं शिकवणाऱ्या शिक्षिकेने सोमवारपासून पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवायची होती. यंत्रं एव्हाना भरपूर झाली होती. २०१२ च्या २९ फेब्रुवारीला रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या आकाराचा स्वस्त संगणक विक्रीला आला; २०१६ मध्ये बीबीसीने सातव्या इयत्तेतल्या मुलांना ‘मायक्रोबिट’ नावाचे जवळपास दहा लाख छोटे संगणक फुकट वाटले. शिक्षक मात्र वाटता येत नाहीत. सरकारने २० लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम दिली आणि कॅसने ‘मास्टर टीचर’ची योजना आखली. ४०० मास्टर टीचर उभे करायचे. हे कुणी अधिकारी नव्हेत. रोज वर्गावर जाणारे शिक्षक. शाळेने त्यांचे काही तास मोकळे करायचे आणि त्यांनी आसपासच्या शाळांतल्या सहकाऱ्यांना हाताशी धरून शिकवायचं. योजना मला आजही शंभर टक्के बरोबर वाटते. पैसा अपुरा होता.

किती अपुरा, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयल सोसायटीच्या दुसऱ्या अहवालाने मांडलं. ‘आफ्टर द रीबूट’ हे त्याचं नाव. इंग्लंडमधल्या ५४ टक्के शाळा ‘जीसीएसई’ला, म्हणजे आपल्या दहावीच्या टप्प्यावर, संगणकशास्त्र हा विषय देतच नव्हत्या. २०१२ ते २०१७ या काळात या विषयाच्या नव्या शिक्षकांचं भरतीचं उद्दिष्ट फक्त ६८ टक्के गाठलं गेलं. विषय घेणाऱ्यांत मुली जीसीएसईला २० टक्के आणि ए लेव्हलला अवघ्या ९. अहवालाने सांगितलं, खर्च दसपट करा, पाच वर्षांत सहा कोटी पौंड द्या. त्याच महिन्यातल्या अंदाजपत्रकात सरकारने आठ कोटी चाळीस लाख दिले. मागितल्यापेक्षा जास्त मिळाल्याचं उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात विरळाच. त्यातून २०१८ मध्ये कम्प्युटिंग शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. स्टेम लर्निंग, ब्रिटिश कम्प्युटर सोसायटी आणि रास्पबेरी पाय फाउंडेशन या तिघांनी मिळून ते चालवायला घेतलं, आणि त्याचं अध्यक्षपद पेटन जोन्स यांच्याकडे आलं. दहा वर्षांपूर्वी टेबलाभोवती जे चाललं होतं ते आता देशाच्या तिजोरीतून चालू लागलं.

शिकवण्याची रीतही या काळात पिकत गेली. सू सेंटन्स यांनी मांडलेली ‘प्रिम’ ही पद्धत बघा. मुलाला कोऱ्या पडद्यासमोर बसवून “लिही प्रोग्राम” म्हणायचं नाही. आधी तयार प्रोग्राम दाखवायचा आणि विचारायचं: हा काय करेल? अंदाज वहीत लिही. मग चालवून बघ. मग आतल्या ओळी उकलून बघ, एखादी बदल, आणि शेवटी स्वतःचा लिही. मी हे पाचवी ते आठवीच्या गणितालाही लावून पाहिलं आहे. सोडवलेलं उदाहरण आधी वाचायला दिलं की कच्चं मूल घाबरत नाही. कोऱ्या पानाची भीती ही सगळ्याच विषयांत सारखी असते.

मुलींचं काय झालं, ते मात्र मनाला लागतं. जुन्या आयसीटीला नावं ठेवताना एक गोष्ट निसटली. त्या विषयाला मुलींचं प्रमाण नव्या संगणकशास्त्रापेक्षा कितीतरी जास्त होतं. तो जीसीएसईतून बंद झाला, आणि त्या मुली नव्या विषयाकडे आल्या नाहीत. बऱ्याचशा संगणकापासूनच दूर गेल्या. नवा विषय अवघड अशी ख्याती झाली, वर्गात वीस मुलगे आणि चार मुली असं चित्र दिसू लागलं, मग त्या चौघींच्या धाकट्या बहिणींनीही दुसरं काही निवडलं. कॅसच्या लोकांनी हे झाकून ठेवलं नाही. मुलींना काय खटकतं यावर संशोधनं झाली, धड्यांमधली उदाहरणं बदलली. आकडा फारसा हलला नाही. वापरणं आणि समजणं यांत फरक करणं बरोबरच होतं. पण वापरण्याचा भाग अभ्यासक्रमातून इतका बारीक व्हायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी मुलगी तक्त्यात आकडे भरता भरताच विचारते की हे आपोआप कसं होतं. तिच्यासाठी ते दार उघडं असायला हवं होतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासक्रम समितीने आपला अंतिम अहवाल दिला. संगणकशास्त्राच्या जीसीएसईऐवजी अधिक व्यापक अशी ‘कम्प्युटिंग’ची परीक्षा आणावी, अशी शिफारस त्यात आहे, आणि सरकारने ती उचलून धरली आहे. म्हणजे फर्बर समितीने सोडवलेल्या तीन धाग्यांचा पुन्हा एक पीळ घातला जाईल. हे कॅसचं अपयश आहे असं मी मानत नाही. २०१२ मध्ये संगणकशास्त्राचा धागा तुटायच्या बेतात होता, म्हणून तो आधी धरावा लागला. आता तिन्ही धागे शाबूत आहेत.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावीच्या आसपासच्या वयापासून कोडिंगचा उल्लेख केला आहे. संगणकीय विचार हा शब्दही त्यात आला आहे. यंत्रं येतील, काही शाळांत आलीच आहेत. पण आपल्या शाळांतला संगणक बहुतेक वेळा पाच वर्षांच्या कराराबरोबर येतो आणि त्या कराराबरोबर आलेला शिक्षक कराराबरोबरच जातो. माझ्या शाळेत दोनदा असं झालं. शिकवायला उत्सुक, मुलांत रमलेला तरुण दोन्ही वेळा गेला, आणि यंत्रांवर झाकणं चढली. गणिताचे शिक्षक करार संपला म्हणून निघून गेले आणि गणिताच्या तासाला कुलूप लागलं, असं आपण चालवून घेऊ का?

हे धोरणवाल्यांनी सोडवायचं आहे आणि त्यासाठी बोललंच पाहिजे. तोवर आपल्या हातात जे आहे ते लहान नाही. फुल्ली-गोळ्याचा कागद मी लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मराठीत उतरवला आहे, कुणीही उतरवू शकतं. शून्य-एकची संख्या शिकवायला १, २, ४, ८, १६ असे ठिपके काढलेले पाच पुठ्ठे पुरतात. पाच मुलं ओळीत उभी करा, प्रत्येकाच्या हातात एकेक पुठ्ठा, आणि वर्गाला हजेरीतले आकडे मांडायला सांगा. एकोणीस म्हटलं की सोळा, दोन आणि एकचा पुठ्ठा वर राहतो, चार आणि आठचा पालथा होतो. त्याला वीज लागत नाही, करारही लागत नाही.

तुमच्या तालुक्यात गणित-विज्ञान शिकवणारे, संगणकाची थोडी तरी आवड असलेले दोघे-तिघे नक्की असतील. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांना तुमच्या वर्गात बोलवा. चहा ठेवा. प्रत्येकाने एक तास करून दाखवायचा, एवढंच ठरवा. आणि निघताना पुढच्या महिन्याचा शनिवार फळ्यावर लिहून ठेवा.